कानटोपीतलं गाऱ्हाणं

एप्रिलच्या शेवटी देवरूखच्या वरच्या सड्यावर उभं राहिलं, तर कातळ चपलेतून पाय भाजतो. त्या उन्हात आप्पांच्या मठाच्या मांडवाखाली चार-पाचशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाया पदरानं वारा घेत होत्या, पोरं रडत होती, आणि समोर उंच पाटावर बसलेल्या आप्पांच्या डोक्यावर जाड लोकरीची कानटोपी होती. गळ्यापर्यंत ओढलेली, हनुवटीखाली बंद बांधलेले. गालांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. भक्त त्याला तप म्हणत.

टोपीचं कारण आप्पा स्वतःच सांगत. "ब्रह्मांडाचा नाद या कानातनं शिरतो बाबांनो. त्या कानातनं सांडून गेला तर तुमच्या गाऱ्हाण्याचं काय व्हायचं?"

"होय म्हाराजा!" मांडव गरजला.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याचं दुखणं, तो बोलत नाही. त्याच्या वतीनं गुरव देवाला साकडं घालतो, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. आप्पांनी ही जुनी रीत उचलून फोनला लावली होती. मुंबईहून, चिपळूणहून, कुठूनही मठाच्या नंबरावर फोन करा. फोन लागला की आतून आप्पांच्या पुतण्याचा, दादूचा आवाज येई, "आपलं गाऱ्हाणं देवाच्या दारी पोचलं हाय. भजन संपेपर्यंत फोन ठेवू नका. आप्पांना काय सांगू नका. आप्पाच सांगतील." मग पाच-सहा मिनिटं भजन. तेवढा वेळ इकडे आप्पा डोळे मिटून डुलत. भजन संपलं की त्यांचा आवाज फोनवर आणि मांडवातल्या कर्ण्यावर एकदमच उमटे.

"मोठं पाणी दिसतंय मला," आप्पा त्या दिवशी म्हणाले. "डोंगराच्या पोटातनं धावतंय. पोफळी! वसाहतीतलं घर. दोन भाऊ, मधी एक भिंत. भिंतीपायी वर्षभर बोलचाल नाय."

"अगो बाय माझे!" कर्ण्यातून बाईचा रडवेला आवाज आला. "आप्पा, मी तर अजून तोंड पन उघडलं नाय!"

मांडवात शहारा आला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुढच्या रांगेत हाताच्या खुर्चीवर बसलेला राकेश तांबे मात्र खाली आपल्या बुटांकडे बघत होता. त्या कानटोपीच्या आत काय आहे हे पाचशेंत त्याला एकट्याला ठाऊक होतं. ते बसवलं होतं त्यानंच.

राकेश लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर होता. वाडीतल्या लोकांची जीभ एवढ्या लांबलचक शब्दावर वळत नसे, म्हणून तो सगळ्यांचा 'कॉम्प्युटरवाला'. दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, कंपनीनं इंटरनेटवरून फोन चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं. लोट्याचे साहेब कानाला हेडफोन लावून मुंबईच्या ऑफिसशी फुकटात गप्पा मारू लागले. बाहेरून आलेला फोन कुणाकडे वळवायचा, कुणाला थांबवायचं, थांबलेल्याला कसलं गाणं ऐकवायचं, सगळं राकेशच्या पडद्यावर यायचं. नवी टेलिफोन ऑपरेटर नीट बोलते का, हे साहेबाला गुपचूप ऐकता यावं, म्हणून त्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात खूण केली की लाइनीवरचं सगळं ऐकूही येई आणि साठवलंही जाई.

दादू कंपनीच्या कँटीनला नारळ पुरवायचा. एकदा तो राकेशच्या खोलीत डोकावला आणि त्या पडद्यापुढून हलेना. "तांबेसाहेब, आमच्या मठात लोकांना फोन लागत नाय हो. चार लाइनी घेतल्या तरी एंगेज. असलं कायतरी आमाला द्या की बसवून."

साहेब! हा एक शब्द आणि मागून मठाचं आमंत्रण. राकेशच्या आज्याला त्या गावानं देवळाच्या पायरीला कधी हात लावू दिला नव्हता. त्याच गावातले लोक आता त्याला पुढली खुर्ची देणार होते, आतल्या खोलीची किल्ली देणार होते. राकेशनं पैसे घेतले नाहीत. आपण फुशारकीसाठी जातोय हे त्याला तेव्हाही कळत होतं, आणि कळूनही तो गेला.

काम झाल्यावर दादूनं खालच्या आवाजात विचारलं, "लोक लाइनीवर थांबलेले असताना काय बोलतात, ते ऐकू येतं काय हो?"

"कशाला?"

"भक्तांचा भाव कळतो."

राकेश हसला आणि त्यानं चौकटीत खूण केली. मग दादूनं एका कानात मावेल असा, बिनतारेचा, चपटा हेडफोन मागितला. आप्पांना म्हणे कानाचा त्रास होता. तोही राकेशनं कॉम्प्युटरशी जोडून दिला, आणि तो कानटोपीत शिरताना आपल्या डोळ्यांनी पाहिला. परतीच्या एस.टी.त तो स्वतःची समजूत घालत राहिला, की सुरी करणारा लोहार काही खुनी नसतो. लोहार बिचारा सुरी कुणाच्या हातात जाते ते बघत नाही. यानं मात्र बघितलं होतं.

राकेशची वाडी महामार्गापासून दीड-दोन मैल आत, पंचवीस घरांची बौद्धवाडी. त्याचे वडील रामजी गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते आणि समाजमंदिरात फळा टांगून मुलांचे फुकट वर्ग घेत. दर ऑक्टोबरात सगळी वाडी तिथं जमून बावीस प्रतिज्ञा म्हणे. गुरुजी सांगत, राकेशची आई प्रेमला सगळ्यांत खणखणीत म्हणे, आणि मागल्या ओळीत उभी राहून हौसाकाकी त्या पाठ नसल्यामुळे नुसते ओठ हलवी.

हौसाकाकी एकटी, विधवा, लेकरू नाही. खाडीवर जाऊन तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून आणायची आणि स्वतःपुरत्या ठेवून उरलेल्या चार घरी वाटायची. त्या मार्चपासून तिच्याकडून कुणी काही घेईनासं झालं. विहिरीवर तिची कळशी बाजूला सारली जाऊ लागली. बारशाला, लग्नाला बोलावणं नाही. ती आली की बायका पोरांना आत घेत. ती पलीकडच्या गावाच्या विहिरीवरून पाणी आणू लागली, भर उन्हात, डोकीवरून.

कारण एकच सांगितलं जाई, "आप्पांनी सांगितलं."

रघूतात्या, वाडीचा अध्यक्ष, राकेशला म्हणाला होता, "एका घरानं सांगितलं असतं तर मी पन सोडून दिलं असतं रे. तीन घरांनी येगयेगळा फोन केलानी. तिघांना देवानं हौसाचंच नाव सांगितलान. तीन-तीन वेळा देव चुकंल?"

राकेशला याचं उत्तर त्याच क्षणी ठाऊक होतं. तिघांनी भजन चालू असताना आपापल्या घरात तेच नाव घेतलं असणार, आणि आप्पांनी ते जसंच्या तसं परत केलं असणार. पण हे तोंडानं बोलायचं म्हणजे पुढचा प्रश्न आलाच, तुला कसं ठाऊक? म्हणून तो गप्प बसला. सहा आठवडे. हौसाकाकी कळशी घेऊन समोरून गेली की तो खिडकीपासून मागे सरकायचा. स्वतःची लाज वाटायची आणि तरी तोंड उघडायचं नाही.

आता येत्या रविवारी समाजमंदिरात बैठक होती. हौसाला वाडीतून काढायचं, मुंबईला भाच्याकडे धाडायचं, यावर अंगठे उठवायचे होते.

त्याच आठवड्यात दादूचा निरोप आला होता, "साहेब, मशीन बंद पडल्यागत चालतंय. येऊन बघा." म्हणून राकेश त्या गुरुवारी रजा टाकून मठात आला होता. दर्शनाची वेळ आटोपून आप्पा जेवायला गेल्यावर त्यानं आतल्या खोलीत कॉम्प्युटर उघडला. बिघाड साधा होता. साठवलेल्या बोलण्यांनी डिस्क गच्च भरली होती, तीनशेच्या वर फोन. जुने पुसायला म्हणून त्यानं यादी उघडली आणि खाली सरकता सरकता त्याचा हात थांबला. यादीत त्याच्या स्वतःच्या घरचा नंबर होता.

त्यानं हेडफोन कानाला लावला. आधी भजन. भजनाच्या वरून आईचा आवाज, अगदी स्वयंपाकघरातला.

"थांब गो रसिका, फोन ठेवू नको बोललेत. तुझे बाबा वर्गावरनं यायच्या आत व्हायला हवं... दुसऱ्यांदा असं झालं गो तुझं. तिसरा महिना, आनि पुन्ना गेलं. मना सुचतंच नाय."

मग बहिणीचा थकलेला आवाज. रसिका पोफळीला दिलेली, विश्रांतीला माहेरी आली होती. "आये, डॉक्टर बोलले ना, थायरॉईडमुळं. गोळ्या दिल्यात. वेळेवर घेतल्या तर राहील बोलले."

"डॉक्टरला काय कळतंय? आदल्या दिवशी हौसानं तिसऱ्या दिलान. तू खाल्लीस. दुसऱ्या दिवशी पोटात दुखाया लागलं. तिला लेकरू नाय, तुझं बघवलं नसंल तिला."

"काय बोलतेस आये, काकी गो ती आपली!"

भजन संपलं. आप्पांचा आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा. "कूस दिसतेय मला. दोनदा भरली, दोनदा रिकामी झाली. खारं पाणी... शिंपल्यातला जीव. एकटी बाई. तिच्या नावात ह हाय."

"हौसा!" आई किंचाळली. "आप्पा, हौसाच ना?"

"तुझ्या तोंडानं देवच बोलला," आप्पा म्हणाले.

देवाला हौसा ऐकू गेली होती, थायरॉईडच्या गोळ्या मात्र ऐकू गेल्या नव्हत्या. राकेशनं वाडीतले आणखी दोन नंबर शोधले. विमलावहिनींची म्हैस आटली होती. प्रेमलानं कानात सांगितल्यापासून त्यांनाही हौसाचाच संशय होता, आणि भजन वाजत असताना त्या नवऱ्याला तेच सांगत होत्या. रघूतात्याच्या मुलाला एम.आय.डी.सी.त नोकरी लागत नव्हती. त्यांच्या फोनवरही, आप्पा बोलायच्या आधी, तेच नाव. रघूतात्याची तीन वेगवेगळी घरं म्हणजे एकाच चुलीवरचा धूर होता, आणि तो निघाला होता राकेशच्या स्वतःच्या घरातून.

त्या खोलीत त्याला रडू फुटलं. एका खुणेनं काय केलं होतं त्यानं! आईच्या मनात वाईट आलं होतं, कुणाच्या येत नाही? चार दिवस राहून ते विरलंही असतं. राकेशच्या यंत्रानं ते उचलून देवाच्या तोंडी घातलं आणि त्याचा निकाल करून टाकला.

आत्ताच खूण काढून टाकावी असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं फक्त पुढचे फोन बंद झाले असते. हौसाकाकीवरचा डाग तसाच राहिला असता, आणि रविवारी बैठक होती. त्यानं खूण राहू दिली, बोलणी तशीच ठेवून जुनी भजनं पुसली आणि डिस्कवर जागा केली, आणि फोन केलेल्या नंबरांची नुसती यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली.

शनिवारी सकाळी तो वडिलांना घेऊन परसात गेला. होल्डवर ठेवलेल्या माणसाचं बोलणं पलीकडे कसं ऐकू जातं ते सगळं सांगितलं. आईचं नाव सांगितलं नाही.

"तुला कसं ठाऊक?" गुरुजींनी विचारलं.

"कंपनीत असलंच सॉफ्टवेअर आहे, बाबा."

हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. गुरुजी मान डोलावत म्हणाले, "सांगून लोक ऐकायचे नाहीत. म्हणतील, गुरुजी आधीपासूनच नास्तिक. आपण आप्पाची परीक्षा घेऊ. प्रश्नपत्रिका मी काढतो."

रविवारी दहा वाजता समाजमंदिर भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. हौसाकाकीला बोलावणं होतं, पण आत यायला कुणी सांगितलं नाही. ती उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली, कळशी शेजारी ठेवून. रघूतात्या उठून बोलायच्या बेतात होता तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "अध्यक्ष, ज्या देवानं नाव सांगितलं त्यालाच पुन्हा विचारू. सगळ्यांसमोर. मग काय तो निकाल द्या."

यावर नाही कोण म्हणणार? गुरुजींनी आपला मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि मठाचा नंबर लावला. दादूचा आवाज आला. भजन सुरू झालं. गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं, खडू उचलला आणि मुलांच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'कुणीही बोलू नका. मी आता खोटं बोलणार आहे.'

वाचता येणाऱ्यांनी डोळे विस्फारले. न येणाऱ्यांना शेजारच्यांनी कोपरानं ढोसून गप्प केलं. हौसाकाकी पायरीवरून मान लांब करून अक्षर अक्षर लावत होती. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात तिला वाचायला गुरुजींनीच शिकवलं होतं.

मग गुरुजींनी जो गळा काढला, तो ऐकून त्यांच्या चाळीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांचीही खात्री पटली असती. "काय रे ही वेळ आली माझ्यावर! माझा पांढरा बैल मेला रे! सोन्यासारखा बैल! त्या एकडोळ्या बाळकृष्णाचंच हे काम. पूर्वेच्या माडाच्या मुळात लिंबू पुरताना त्याला बघितलंय मी. पण आप्पांना कसं सांगू? आप्पा तर बोलू नका म्हणतात!"

वाडीत बैल उरला नव्हता. नांगरट कधीच पॉवर टिलरवर गेली होती. बाळकृष्ण नावाचा माणूस वाडीत नव्हता, ना एका डोळ्याचा, ना दोन डोळ्यांचा. एक पोरगी खुदकन हसली आणि तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात दाबला.

भजन संपलं.

"पांढरं कायतरी दिसतंय मला," आप्पा म्हणाले. मागून मांडवातली गर्दी ऐकू येत होती. "चार पायांचं. गोठा सुना पडलाय."

"होय म्हाराजा!" पलीकडचा मांडव.

"पूर्वेला माड हाय. मुळाशी पिवळं फळ पुरलंय. पुरणारा मानूस... त्याला जग अर्धंच दिसतं. एकच डोळा."

"नाव, आप्पा, नाव!" गुरुजी कळवळून म्हणाले.

"नावात... कृष्ण हाय."

विमलावहिनींनी पदर तोंडात कोंबला होता. गुरुजी सरळ उभे राहिले आणि वर्गावरच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, मी निवृत्त शिक्षक रामजी तांबे. आमच्या वाडीत बैल नाही. बाळकृष्ण नाही. लिंबू नाही. हे सगळं मी आत्ता, तुमचं भजन वाजत असताना, मुद्दाम खोटं बोललो. ते तुम्हाला ऐकू कसं गेलं? मांडवातल्या लोकांनो, त्यांची कानटोपी काढून बघा."

पलीकडे एकाएकी गलका झाला. दादू ओरडला, "लाइन काट, लाइन काट!" आणि फोन बंद पडला.

इकडे आधी हशा पिकला. मग हशा हळूहळू विरला, कारण प्रत्येकाला आपापला फोन आठवू लागला होता. गुरुजींनी राकेशला फळ्याकडे बोलावलं. त्यानं फोनचं एक चित्र काढलं आणि सांगितलं. भजन तुमच्या कानात सोडतात, पण फोनचा बोलायचा भाग उघडाच असतो. तुम्हाला वाटतं पलीकडे कुणी नाही, म्हणून तुम्ही घरच्या माणसाशी मनातलं सगळं बोलता. आप्पा टोपीत लपवलेल्या हेडफोनवर ते ऐकतात आणि अर्धमुर्धं कोड्यात घालून तुम्हालाच परत देतात.

"म्हंजे आमीच सांगितलं, नि आमीच नमस्कार केला?" विमलावहिनी पुटपुटल्या.

"हौसाच्या तिसऱ्या आणि एखादीचं दुखणं एकापाठोपाठ आलं म्हणून एकामुळे दुसरं होत नाही," गुरुजी म्हणाले. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तेवढंच."

रघूतात्याचा चेहरा लालभडक झाला होता. "गुरुजी, आप्पा लबाड, मान्य. पन तो अंगठेबहाद्दर, त्याला मशीन कुठलं चालवता येतंय? असलं यंतर त्याला बसवून देणारा कोन हरामखोर, त्याला आधी धरूया."

"असेल देवरूखचा कुणी," गुरुजी म्हणाले.

राकेशला वाटलं, असू दे. देवरूखचा कुणी. काम झालं होतं, काकी सुटली होती, आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गेल्या सहा आठवड्यांत त्याला तेवढंच चांगलं जमू लागलं होतं. मग त्याची नजर पायरीवर गेली. हौसाकाकी त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. आपल्याला सोडवायला पोर उभं राहिलं, असं तिच्या तोंडावर होतं. ते त्याला सोसवेना.

"मी," तो म्हणाला. "मी बसवून दिलं, तात्या. टोपीतला हेडफोनही मीच दिला. कशासाठी आहे ते मला कळत होतं."

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. "कधी?"

"ऑक्टोबरात."

"म्हणजे प्रतिज्ञा म्हटल्या त्याच महिन्यात," गुरुजी म्हणाले आणि बाकावर बसले. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर राकेशला बरं वाटलं असतं.

रघूतात्या बाह्या सावरत पुढे आला, तेवढ्यात बायकांमधून प्रेमला उठली. "त्याला मारायच्या आधी माझं ऐका. नाव पयलं मी घेतलं. रसिकाचं गेलं म्हनून डोकं फिरलं होतं माझं. ह्यांच्या चोरून फोन केला. भजन वाजत व्हतं नि मी बोलत व्हते. मंग विमलाला मीच सांगितलं." ती हौसाकडे वळली. "हौसा, देव न्हवता गो तो. मी होते."

राकेशनं आईचं नाव वाचवायला केवढा आटापिटा केला होता! तिनं ते स्वतःच्या हातानं सगळ्यांसमोर ठेवलं.

हौसाकाकी उठली. उंबरा ओलांडून आत यायचं तिनं मनावर घेतलं नाही. "प्रेमला, तुझ्या लेकीचं गेलं तेव्हा तुझ्याइतकी मी पन रडले. तुला ते दिसलं नाय, असू दे. पन तू एकटीच न्हवतीस. पंचवीस घरांतलं एक मानूस मला इचारायला आलं नाय, की हौसा, हे खरं काय गो? येवढं इचारायला कुठला फोन लागत व्हता?"

राकेश तिच्या पायाशी वाकला तशी ती मागे सरकली.

"माझ्या पाया पडू नको. मी तुला माफ बिफ केलं नाय अजून. त्या मशीनवर आपल्याच वाडीचे फोन व्हते काय? दुसरीकडं पन कोन बाई कळशी घेऊन हिंडत असंल. तिला जाऊन सांग."

त्या दिवशी वाडीच्या विहिरीवरून कुणीतरी तिची कळशी भरून दिली. ती तिनं घेतली, पण पुढे बरेच दिवस ती पलीकडच्या गावाच्या विहिरीवरच जात राहिली. राकेश आणि गुरुजींनी मिळून पोलिसांत लेखी तक्रार दिली, त्यात राकेशनं स्वतःचं नावही घातलं. मठातला कॉम्प्युटर जप्त झाला. आप्पा म्हणे तीर्थयात्रेला निघून गेले. तिथं ते टोपी घालतात की काढतात, कुणास ठाऊक.

पेन ड्राइव्हवरची यादी राकेशनं छापून घेतली. रोज कामावरून आला की घरच्या फोनजवळ बसायचा आणि एक एक नंबर लावायचा. "मी राकेश तांबे. तुम्ही आप्पांना फोन केला होता. ते यंत्र मी बसवलं होतं. भजन वाजताना तुमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. तुम्हाला कुणाचं नाव सांगितलं असेल तर ते आधी तुमच्याच घरात कुणी घेतलं होतं का, एवढं आठवून बघा."

काही लोक फोन आपटतात. काही शिव्या घालतात, त्या तो पुरत्या ऐकून घेतो. शिरगावच्या एका बाईनं त्याला सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाली, "माझ्या जावेचं नाव सांगितलं होतं. माहेरी हाकललंय तिला. तुम्ही फोन ठेवा, मला तिच्याकडं जायला हवं."

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही कुणी तोंड उघडायच्या आत तुमच्या मनातलं सांगितलं, तर हात जोडायची घाई करू नका. हे आपण कुठं, कुणासमोर बोललो होतो, ते आधी आठवा. आणि त्यानं एखाद्या माणसाचं नाव घेतलं असेल, तर उठून त्या माणसाच्या दारात जा आणि त्यालाच विचारा. राकेशच्या यादीतले अजून दोनशे नंबर लावायचे राहिले आहेत.